बोटाखालचा देश

बंबवाल्यांचं बोट जाड होतं, आणि या सगळ्या प्रकरणाची सुरुवात त्या जाडीपासून झाली. बारीक बोटाच्या माणसावर असा प्रसंग आलाच नसता.

बंबवाले म्हणजे आगीच्या बंबावर नोकरी केलेले. केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झाले, पण इमारतीत त्यांना सगळे बंबवालेच म्हणत आणि त्यांच्या बायकोला काकू. त्या रविवारी दोघं साडूकडे जेवायला गेली होती. साडू म्हणजे काकूंच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्याच्या दिवाणखान्यात भिंतभर जगाचा नकाशा होता, आणि साडू जिथे जिथे जाऊन आला तिथे तिथे लाल डोक्याची टाचणी होती. जेवायच्या आधी पाहुण्यांना नकाशासमोर उभं करायचं हा त्या घरचा रिवाज. पानं वाढून गार व्हायची, पण टाचण्या संपायच्या नाहीत.

"ही बघा. इथे न्याहारीला सहा तऱ्हेचे रस होते," साडू म्हणाला.

"आणि देश कसा होता?" बंबवाल्यांनी विचारलं.

"बसमधून छान दिसतो."

साडू नेहमी यात्रा कंपनीबरोबर जायचा. पिवळी टोपी, गळ्यात पाटी, पुढे झेंडी धरलेला माणूस. बंबवाल्यांना हे सगळं मेंढरांसारखं वाटे, आणि तसं ते बोलूनही दाखवत. त्यावर साडू कधी चिडत नसे, हेच मोठं दुखणं होतं. त्या दिवशी त्याने डबीतून एक टाचणी काढली आणि म्हणाला, "साडूभाऊ, तुमचीही एक लावून टाकू का? ही इथे, तुमच्या घरावर?"

सगळे हसले. काकू तेवढ्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बंबवाल्यांनी सोसलं असतं. त्यांनी पुढे होऊन नकाशाच्या मोकळ्या भागात बोट रोवलं.

"आम्ही इथे जातोय. दोघंच. कंपनी नाही, टोपी नाही, झेंडीवाला नाही. आणि तुमच्या निम्म्या खर्चात!"

साडू चष्मा लावून वाकला. "बोट काढा जरा, दिसत नाही."

आता बोट काढायची सोय नव्हती, कारण बोटाखाली काय आहे हे बंबवाल्यांनाही ठाऊक नव्हतं. पण भिंतीला बोट लावून माणूस किती वेळ उभा राहील? शेवटी काढलं. खाली एकमेकांना चिकटलेले तीन देश निघाले.

"यातला कुठला?" साडूने विचारलं.

बंबवाल्यांचा चष्मा घरी होता. "मधला," ते ठामपणे म्हणाले.

त्या देशाचं नाव इथे सांगून उपयोग नाही. बंबवाल्यांनी पुढे ते ज्यांना ज्यांना सांगितलं ते सगळे "असं?" म्हणाले आणि हवेविषयी बोलू लागले.

घरी येताना काकू कोपऱ्यावर थांबून म्हणाल्या, "अहो, खरंच का?"

हा प्रश्न साधा नव्हता. लग्नानंतर दोघं पहिल्यांदा फिरायला निघाली तेव्हा कागदाच्या गोदामाला आग लागली आणि नवरदेव फलाटावरूनच परत गेले. मुलगी लहान असताना समुद्रावर जायचं ठरलं, तर रंगाचा कारखाना पेटला. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला गाद्यांचं दुकान. गादी तर धड जळत नाही की धड विझत नाही, आतल्या आत धुमसते. तसंच त्या वर्षी काकूंचंही झालं. निवृत्तीनंतर आगी बंद झाल्या, म्हणजे लागत होत्या, पण बंबवाल्यांना कोणी बोलावत नव्हतं. तरीही जाणं झालं नाही. कारण तयारी पूर्ण झाल्याशिवाय बंबवाल्यांना निघता येत नव्हतं, आणि तयारी पूर्ण झाली असं त्यांना कधी वाटतच नव्हतं. नोकरीत घंटा वाजली की एका पायात बूट असला तरी माणूस गाडीवर चढलेला असायचा. घरात घंटा नव्हती.

"खरंच म्हणजे? माझ्या शब्दाला काही किंमत आहे की नाही?" बंबवाले म्हणाले.

"शब्दाला आहे हो. तारखेला नसते." काकूंनी पदर सारखा केला. "भाऊजींनी त्यांच्या पुढच्या यात्रेत आपल्या दोघांच्या जागा धरून ठेवल्यात. महिनाअखेरपर्यंत कळवायचंय. तोवर तुम्ही मला तुमच्या त्या मधल्या देशात नेलंत तर तुमच्याबरोबर येईन. नाहीतर ताईबरोबर जाईन. तुम्ही आलात तर या, नाही आलात तर घराला कुलूप तरी लागणार नाही."

बंबवाल्यांच्या डोळ्यांसमोर पिवळी टोपी आली. टोपीखाली त्यांचंच डोकं होतं.

दुसऱ्या दिवशी ते प्रवासाच्या तिकिटांच्या दुकानात गेले. तिथल्या माणसाने देशाचं नाव दोनदा वाचलं आणि पंखा थोडा वाढवला.

"तिकडून अजून कोणी आलेलं नाही, साहेब."

"म्हणजे गेलेले परत येत नाहीत?"

"म्हणजे जातच नाहीत."

तेव्हा बंबवाल्यांनी आगीच्या जागी पोचायचा रस्ता काढावा तसा स्वतःच रस्ता काढला. बंदराच्या गावापर्यंत बस. तिथून सिमेंटची पोती नेणारी बोट एका बेटापर्यंत. बेटावरून छोटं विमान, तेही ढग नसतील तर. विमानातून उतरलं की जीप, खिंडीपर्यंत. खिंडीत देश सुरू होत होता. सगळं मिळून अतिशय स्वस्त पडत होतं, कारण त्या वाटेचा एकही तुकडा मुळात माणसांसाठी नव्हता.

बातमी इमारतभर झाली. त्या देशात आजवर कोणीच गेलेलं नसल्यामुळे माहिती सगळ्यांकडे होती. वरच्या मजल्यावरचे कॅशियर रोज संध्याकाळी खाली येऊ लागले. बँकेतून सुटून त्यांना बरीच वर्षं झाली होती, तरी अजून काचेच्या मागून बोलल्यासारखे बोलत. "बंबवाले, तिथे उंची फार. पाणी झटकन उकळतं, पण बटाटा शिजत नाही." तळमजल्यावरच्या मास्तरीणबाईंनी सांगितलं की तिकडची कुत्री वासराएवढी असतात, त्यांच्या डोळ्यांत बघायचं नाही. "मग कुठे बघायचं?" बंबवाल्यांनी विचारलं. "ते मी बघून सांगते," बाई म्हणाल्या. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने तीन पुड्या दिल्या: एक डोंगर चढताना घ्यायची, एक उतरताना, आणि तिसरी पहिल्या दोन चुकून एकदम घेतल्या तर.

आता राहिला व्हिसा. त्या देशाचा एकच दूत आपल्या बाजूला होता, तोही मानद, म्हणजे बिनपगारी, आणि तो बंदराच्या गावात राहत होता. बंबवाल्यांनी दोघांचे पासपोर्ट रजिस्टर टपालाने पाठवून दिले. उत्तर नाही. पुन्हा लिहिलं. उत्तर नाही. शेवटी एकदा फोन लागला.

"पांढरा की फिका निळा?" पलीकडून घाईघाईने विचारणा झाली.

बंबवाल्यांना वाटलं, व्हिसाचे प्रकार असतील. "जो लवकर मिळेल तो," ते म्हणाले.

"मग पांढराच घ्या," असं म्हणून पलीकडच्या माणसाने फोन ठेवला.

"पांढरा मिळतोय," बंबवाल्यांनी काकूंना सांगितलं.

"कधी?"

"ते नाही बोलला."

महिना सरत चालला होता. दुसरा कोणी असता तर बस पकडून बंदराला गेला असता. पण बंबवाल्यांनी जन्मभर जे केलं होतं तेच केलं. सराव. खात्यात सरावाशिवाय शिडीसुद्धा भिंतीला लागत नाही. त्यांनी जुनी शिट्टी काढली आणि घरात कवायत सुरू केली. शिट्टी वाजली की काकूंनी कोट घालून दाराशी. उंचीचा सराव म्हणून दोघं गच्चीपर्यंत तोंड बंद ठेवून चढत. जीपचा सराव म्हणून त्यांनी काकूंना कपडे धुण्याच्या यंत्रावर बसवलं. यंत्र पिळायला लागलं तेव्हा काकूंच्या तोंडून जे शब्द निघाले ते यंत्राच्या आवाजात वाहून गेले, हे बरंच झालं.

मग त्यांनी जाहीर केलं, "येत्या रविवारी सकाळी संपूर्ण रंगीत तालीम. कोट, बूट, सामानासकट. घरापासून बसच्या थांब्यापर्यंत आणि परत. एकही चूक चालणार नाही."

"बरं," काकू म्हणाल्या. इतक्या पटकन त्या कधी बरं म्हणत नसत. पण सराव मनावर घेतला म्हणून बंबवाल्यांना उलट बरंच वाटलं.

सरावात खरं सामान वापरून खराब करायचं नाही हा खात्याचा नियम. नुसतं तेवढं वजन घ्यायचं. बंबवाल्यांनी पहाटे खाली जाऊन कॅशियरनी लावलेल्या फुलझाडांच्या वाफ्याच्या विटा उपसल्या, वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि आपल्या बॅगेत रचल्या. दुपारपर्यंत परत लावून टाकू, असा विचार. काकूंची बॅग त्यांनी सहज उचलून पाहिली तर हात खांद्यातून निघायची वेळ आली.

"चांगलीच भरलीस की!"

"तुम्हीच म्हणालात ना, सगळं अगदी खऱ्यासारखं पाहिजे," काकू म्हणाल्या.

त्या दिवशी नेमका दूधवाला आला नव्हता, म्हणून कोरा चहा घेऊन निघावं लागलं. काकूंनी गॅस बंद केला, पाण्याची मुख्य तोटी बंद केली आणि खिडक्यांना आतून कड्या घातल्या.

"अगं, सरावाला हे कशाला?"

"तुम्हीच म्हणालात ना."

बंबवाल्यांचा ऊर भरून आला. खात्यातसुद्धा त्यांना इतका चोख माणूस मिळाला नव्हता. त्यांनी शिट्टी फुंकली आणि दोघं जिना उतरू लागली.

खाली फाटकाशी अख्खी इमारत उभी होती. मास्तरीणबाई होत्या, औषधवाला दुकान उघडं टाकून आला होता, आणि कॅशियर हातात फुलं घेऊन सगळ्यांच्या पुढे. वाफ्यातल्या विटा नाहीत हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं, कारण ते स्वतःच वाफ्यात उभे होते.

"निघालात?" कॅशियरनी गहिवरून विचारलं.

"अं? नाही, म्हणजे आम्ही जरा…"

"काही बोलू नका. बोलायची ही वेळच नव्हे," असं म्हणून कॅशियर स्वतः बराच वेळ बोलले. एवढ्याशा जिन्यावरून उतरून हा माणूस एवढ्या मोठ्या जगात निघाला, वगैरे. मास्तरीणबाईंनी डोळे पुसले. औषधवाल्याने चौथी पुडी खिशात कोंबली आणि ही कशासाठी ते सांगायचं विसरला. बंबवाल्यांनी तीनदा तोंड उघडलं, आणि तिन्ही वेळा कोणीतरी गळ्यात पडलं.

एवढ्यात एक मोटार येऊन थांबली. साडू उतरला.

"चला, बसस्टँडवर मी सोडतो. म्हटलं, याचि डोळा बघावं तरी. खरं सांगू का साडूभाऊ, मला वाटलं होतं तुम्ही जात नाही."

हे वाक्य साडूने बोलायला नको होतं. बंबवाल्यांनी अख्खी हयात धुरात घालवली होती, पण असा ठसका त्यांना कधी लागला नव्हता. त्यांनी विटांची बॅग उचलली, मोटारीच्या डिकीत आपटली आणि मागच्या सीटवर ताठ बसले.

"अहो," काकू कानाशी म्हणाल्या, "सांगायचं का, सराव आहे म्हणून?"

"एक शब्द बोलू नकोस."

बसस्टँडवर साडूने त्यांना बंदराच्या बसमध्ये बसवलं आणि बस हलेपर्यंत खाली उभा राहिला. बस हलल्यावरही तो हात हलवत मागेमागे आला. शेवटी एका हातगाडीने त्याला अडवलं.

"पुढच्या थांब्यावर उतरू," बंबवाले म्हणाले.

"आणि घरी कोणत्या तोंडाने जायचं? कॅशियर रडलेत."

हे खरं होतं. रडलेल्या कॅशियरसमोर तासाभरात पुन्हा उभं राहणं कोणाही इभ्रतदार माणसाला जमलं नसतं.

"अगं पण पैसे?"

"घेतलेत."

"तिकिटांचे कागद?"

"घेतलेत."

"का पण?"

"तुम्हीच म्हणालात ना, खऱ्यासारखं."

बंबवाल्यांनी बायकोकडे कौतुकाने पाहिलं. मग त्यांना आठवलं की आपल्या बॅगेत विटा आहेत.

बंदराच्या गावात पत्ता सापडायला वेळ लागला, कारण ते दूतावास शोधत होते आणि तिथे होतं न्हाणीघराच्या सामानाचं दुकान. दारापासून पार आतपर्यंत बेसिनं, नळ आणि टाइल्स. सगळ्यात मागे दोन टबांच्या मधे एक टेबल, टेबलावर छोटा झेंडा, आणि झेंड्यामागे मानद दूत. गोल चेहऱ्याचा, घाबरट डोळ्यांचा माणूस.

"पांढरा की फिका निळा?" त्याने विचारलं.

"व्हिसा," बंबवाले म्हणाले.

दूत उभा राहिला. मग बसला. मग दुकानाचं दार लावून आला. "तुम्हीच का ते, पासपोर्ट पाठवणारे? अहो, मला वाटलं कोणी चेष्टा करतंय. दूत खरं म्हणजे माझे वडील. ते गेले, दुकान माझ्याकडे आलं, दुकानाबरोबर हेही आलं. आजवर कोणी व्हिसा मागितलाच नाही. कसा देतात तेच मला माहीत नाही. पासपोर्ट जपून ठेवलेत हं, नळांच्या डब्यात."

"तुम्ही स्वतः गेला असाल ना कधी तिकडे?" काकूंनी विचारलं.

"मी?" दूत दचकला. "फार आडबाजूला आहे हो."

त्याने वडिलांच्या वेळचं नियमांचं पिवळं पडलेलं पुस्तक काढलं आणि मोठ्याने वाचू लागला. वाचता वाचता थांबला. "अरेरे. एकट्यादुकट्याला प्रवेश नाही म्हणे. पथकानेच यायचं. आणि पथकाला प्रमुख पाहिजे."

बंबवाल्यांचा चेहरा उतरला. ज्या मेंढरांना जन्मभर नावं ठेवली त्यांच्याच कळपात शिरायचं, आणि कळपसुद्धा हाताशी नाही. परतीची बस, फाटकाशी कॅशियर, पिवळी टोपी, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून सरकलं.

"पथकात माणसं किती पाहिजेत?" काकूंनी विचारलं.

दूताने पान उलटलं, पुन्हा पालटलं. "ते लिहिलेलं नाही."

"मग आम्ही पथक आहोत," काकू म्हणाल्या.

"दोघंच?"

"शिट्टी आहे आमच्याकडे. दाखवा हो यांना शिट्टी."

बंबवाल्यांनी शिट्टी दाखवली. दूताने ती हातात घेऊन नीट पाहिली. पथकाला शिट्टी असते हे त्यालाही पटलं.

"ठीक. प्रमुख कोण?"

बंबवाल्यांनी छाती पुढे काढली. प्रमुख म्हणूनच ते निवृत्त झाले होते.

"मी," काकू म्हणाल्या.

काढलेली छाती कुठे ठेवावी हे बंबवाल्यांना सुचेना. पण बायकोच्या आवाजात बंबाच्या घंटेचं काहीतरी होतं. त्यांनी मान डोलावली. दूताने लिहून घेतलं.

आता शिक्का. शिक्का टेबलाच्या खणात होता, आणि खण वडील गेल्यापासून फुगून बसला होता. दूताने ओढला, काकूंनी ओढला.

"मागे व्हा," बंबवाले म्हणाले. अख्ख्या प्रवासात त्यांना समजेल असं हे पहिलंच काम होतं. त्यांनी दुकानातला एक लोखंडी पाइप उचलला, खणाच्या फटीत घातला आणि खात्यातल्या पद्धतीने एकच हिसका दिला. खण निघाला नाही. टेबलाचं वरचं फळकूट निघालं, झेंडा टबात पडला आणि मागची बेसिनं एकामागून एक माना टाकत गेली. धूळ बसली तेव्हा शिक्का जमिनीवर होता, सुखरूप.

"बेसिनांचं भरून देतो," बंबवाले खाली मान घालून म्हणाले.

"राहू द्या. ती फिकी निळी होती, कोणी घेतच नाही," दूत म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. टाइल्सवर खुणा करायच्या शाईत बुडवून त्याने शिक्का दोन्ही पासपोर्टवर उमटवला, आणि आपणच केलेल्या कामाकडे पाहत राहिला. दारापर्यंत सोडायला आला तेव्हा हळूच म्हणाला, "परत आलात की एवढं सांगाल का, तिकडे काय आहे ते? लोक विचारतात हो. मी आपला 'डोंगर' म्हणून वेळ मारून नेतो."

सिमेंटच्या बोटीविषयी एवढंच सांगण्यासारखं आहे, की उतरताना दोघंही पुतळ्यांसारखी दिसत होती. बोटीवरच्या हमालाने बंबवाल्यांची बॅग उचलली, खाली ठेवली, आणि पुन्हा तिच्या वाटेला गेला नाही.

"फेका ना त्या विटा समुद्रात," काकू म्हणाल्या.

"कॅशियरच्या आहेत. न विचारता घेतल्यात, न विचारता फेकू?" बंबवाले म्हणाले आणि कमरेला हात लावत बॅग उचलून चालू लागले. आपण फार मोठं काहीतरी करतोय असं त्यांना वाटत होतं. काकूंना तसं वाटत नव्हतं.

बेटावरचा विमानतळ म्हणजे एक झोपडी, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी आणि शेरडं चरत असलेलं मैदान. विमान होतं. वैमानिक होता, पंखाखाली पाय पसरून बसलेला. आभाळ लख्ख होतं.

"आज उडत नाही," वैमानिक म्हणाला.

"का? ढग तर नाहीत," काकू म्हणाल्या.

"ढग नाहीत, पण वजनही नाही. मागे माल नसला की हे नाक खाली घालतं, आणि आज माल आला नाही. उद्यापासून ढग. मग या मोसमात नाहीच. दोन माणसांनी काय होणार?"

काकू आपल्या बॅगेवर बसल्या. कागदाच्या गोदामाच्या वेळी फलाटावर त्या अशाच बसल्या होत्या, ते बंबवाल्यांना एकदम आठवलं. त्या वेळी त्यांनी मागे वळून पाहिलं नव्हतं. आज पाहिलं. बायकोच्या केसांत सिमेंट होतं, आणि सिमेंटखालीही ते पांढरेच होते.

बंबवाल्यांनी वैमानिकासमोर आपली बॅग टाकली. जमीन हादरली, शेरडं पळाली.

"वजन म्हणजे असं चालेल?"

वैमानिकाने बॅग उघडली, वर्तमानपत्र सोडलं आणि वर पाहिलं. "विटा?"

"हो."

"विटा घेऊन फिरायला निघालात?"

याचं सरळ उत्तर बंबवाल्यांकडे होतं, पण ते फार लांब होतं. "तयारीत असावं माणसाने," ते गंभीरपणे म्हणाले.

वैमानिकाने त्यांना चक्क सलाम ठोकला. विटा शेपटाच्या बाजूला रचल्या, दोघांना मधे बसवलं, आणि विमान शेरडांच्या डोक्यावरून उडालं. त्या विटा त्याने पुढे परत दिल्याच नाहीत. कॅशियरना हे कळलं तेव्हा ते आधी रागावले आणि मग इमारतीत सांगत सुटले की एका परदेशातली विमानसेवा आपल्या विटांवर चालते.

जीपला काकू घाबरल्या नाहीत. "यंत्रापेक्षा बरी आहे," त्या म्हणाल्या. बंबवाले मात्र चढायची पुडी आणि उतरायची पुडी एकदम घेऊन बसले होते, आणि तिसरी कोणत्या खिशात आहे ते त्यांना आठवत नव्हतं.

खिंडीत एक लाकडी चौकी होती. चौकीतला अंमलदार झोपेतून उठून आला, पासपोर्टवरचा निळा शिक्का पाहून त्याने डोळे चोळले आणि आतल्या सगळ्यांना हाका मारल्या. ते सगळे म्हणजे त्याची बायको, सासू आणि वासराएवढा कुत्रा. बंबवाल्यांनी आभाळाकडे पाहिलं. कुत्र्याने त्यांचा बूट चाटला.

अंमलदाराने विचारलं, पथक कुठे आहे? भाषा येत नव्हती, पण हाताने डोकी मोजून दाखवली की कळतं. बंबवाल्यांनी स्वतःकडे आणि काकूंकडे बोट दाखवलं. प्रमुख? बंबवाल्यांनी मागे सरून काकूंना पुढे केलं. अंमलदाराने टोपी काढली आणि वाकून नमस्कार केला. सासूबाईंनी काकूंना खुर्ची दिली. बंबवाले उभेच राहिले.

मग अंमलदाराने त्यांना भिंतीवरच्या जुन्या नकाशापाशी नेलं. तुम्ही कुठले, असं त्याला विचारायचं होतं. त्याने अंदाजाने बोट टेकवलं. त्याचंही बोट जाड होतं. आपला अख्खा देश शेजाऱ्यांसकट त्याखाली दिसेनासा झाला. बोट काढून त्याने प्रश्नार्थक पाहिलं.

"मधला," बंबवाले म्हणाले.

खिंडीपलीकडे तळं होतं. दूताचं म्हणणं तसं खोटं नव्हतं, डोंगर होतेच, पण ते सगळे त्या तळ्यात उलटे उभे होते आणि पाणी इतकं गप्प होतं की काकूंनी बूट काढून हातात घेतले. दोघं काठावर बसली. वारा थंड होता. बंबवाल्यांना आठवलं, आपल्या बॅगेत विटांशिवाय काही नव्हतं, आणि आता तर विटाही नाहीत. ते कुडकुडायला लागले.

काकूंनी आपली बॅग उघडली आणि त्यांचा स्वेटर काढून दिला. मग त्यांचे मोजे, कानटोपी, दाढीचं सामान, वाचायचा चष्मा.

बंबवाले स्वेटरकडे बघत राहिले. स्वेटर खरा होता. मोजे खरे होते. मग त्यांच्या डोक्यात गॅस बंद झाला, तोटी बंद झाली, आणि दूधवाला आला नाही.

"दूधवाल्याला तू नको म्हणून सांगितलं होतंस," ते सावकाश म्हणाले.

"हं."

"कॅशियरला कोणी सांगितलं, रविवारी निघतोय म्हणून?"

"मी."

"आणि साडूला?"

"ताईला फोन केला. गाडी घेऊनच पाठव म्हटलं."

बंबवाल्यांनी शिट्टी मुठीत गच्च धरली. त्यांना रागवायचं होतं, पण समोर तळं होतं. "अगं पण का?"

"तुम्ही जन्मात कधी आग लागल्याशिवाय घराबाहेर पडलात का?" काकू पाण्याकडे बघत म्हणाल्या. "म्हटलं, आपणच लावून बघावी."

बंबवाले मोठ्याने हसले. हसू डोंगरावर आपटून परत आलं, आणि मागे चौकीत कुत्रा भुंकला. त्यांनी कानटोपी घातली, गळ्यातली शिट्टी काढली आणि वाकून ती पथकप्रमुखांच्या गळ्यात अडकवली.

काकूंनी ती एकदा पुसली, तोंडाला लावली आणि जोरात फुंकली.

बंबवाले ताडकन उठून उभे राहिले.